वाचकांचे प्रश्न : रोस्किल्डचं विटांचं कॅथेड्रल

प्रश्न : ताई नमस्कार. आमची आष्ट्याच्या बाजूला वीटभट्टी आहे, आज्यापासून चालत आलेली. पुतण्या शिकायला डेन्मार्कला गेलाय, त्यानं रोस्किल्ड नावाच्या गावातल्या मोठ्या चर्चचे फोटो पाठवलेत, खालपासून वरपर्यंत लाल वीट, आणि म्हणतोय काका हे आठशे वर्षांपूर्वीचं बांधकाम आहे. मला काय पटेना. आमच्याकडं नदीकाठच्या घराची भिंत चाळीस-पन्नास वर्षांत खारानं खाऊन जाते. आणि एवढं मोठं काम काढायचं होतं तर दगड का नाही घेतला, आपली देवळं, घाट, किल्ले सगळे दगडातच आहेत की. पैसे कमी पडले होते का त्यांना?
(सांगली जिल्ह्यातले एक भट्टीमालक)

उत्तर : दादा, पुतण्या बरोबर सांगतोय. रोस्किल्डच्या या कॅथेड्रलचं (कॅथेड्रल म्हणजे बिशपचं, मोठ्या धर्मगुरूचं, मुख्य चर्च) काम ११७०च्या दशकात सुरू झालं, म्हणजे आपल्याकडं भिल्लम यादव देवगिरीला स्वतंत्र राजा म्हणून बसायच्याही आधी. पण पैसे कमी पडले म्हणून वीट वापरली असं जे तुम्हाला वाटतंय ते अगदी उलटं आहे आणि हा गैरसमज खूप जणांचा असतो म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

रोस्किल्ड हे शीलंड नावाच्या बेटावर आहे, कोपनहेगनपासून पश्चिमेला साधारण ३० किलोमीटर. आपल्या साताऱ्याच्या डोंगरात दगडासाठी खणायचीसुद्धा गरज नाही, काळा पाषाण डोळ्यासमोर उघडाच पडलेला असतो. तिथं तसं काही नाही. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी उत्तरेकडून घासत आणलेली चिकणमाती, वाळू, रेताड आणि मधेमधे ग्रॅनाइटचे गोल धोंडे, एवढंच जमिनीत आहे. धोंडे पायात भरायला उत्तम, पण घडवायला महाकठीण. त्यामुळं आधी लाकडाची चर्च झाली, मग ११व्या शतकात झऱ्याच्या पाण्यातून साचून तयार होणारा एक सच्छिद्र चुनखडीसारखा दगड मिळायचा त्यात बांधलं, पण तो दगड काही कितीही मिळत नव्हता.

विटा भाजायची विद्या डेन्मार्कमध्ये आली १२व्या शतकाच्या मध्यावर, इटलीच्या लोंबार्डीकडून उत्तरेला सरकत सरकत. आणि ती कुणी उचलली ते बघा. राजा पहिला वाल्देमार आणि त्याच्याबरोबर लहानाचा मोठा झालेला बिशप अब्सालोन. राजानं देशाच्या दक्षिण सीमेवरच्या जुन्या तटबंदीला विटांची भिंत घातली, रिंगस्टेडला घराण्याच्या दफनासाठी विटांचं चर्च काढलं, अब्सालोनच्या घराण्यानं सोरोला मठ बांधला तोही विटांचा, आणि मग अब्सालोननं रोस्किल्डला हे सगळ्यात मोठं काम काढलं. खेडेगावातली साधी चर्च त्या काळात रानातले धोंडे नाहीतर खडू-चुनखडी वापरून बांधत होते. वीट म्हणजे नवीन तंत्र, राजाचं आणि बिशपचं तंत्र. ती स्वस्त कशी असेल, तुम्हीच सांगा, तुम्हाला तर जळणाचा खर्च माहितीये. इथं बगॅस आहे, भाताचं तूस आहे, कोळसा आहे, तिथं नुसती लाकडं. लाखो विटा भाजायच्या म्हणजे रानंच्या रानं भट्टीत घालायची, शिवाय चुना भाजायचा तो वेगळा.

त्यांची पद्धत तुम्हाला ओळखीची वाटेल. पानगळीच्या दिवसात माती खणून ढीग मारून ठेवायचा, हिवाळाभर तो गोठू द्यायचा म्हणजे ढेकळं आपोआप फुटतात, थंडी सरली की मळायची, लाकडी साच्यात विटा पाडायच्या, वाळवायच्या, भाजायच्या. तुमचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या आत आटपावा लागतो, त्यांचा नेमका उलटा, हिवाळ्यात सगळं बंद आणि उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत जीव तोडून काम. वीट आपल्या नऊ-चार-तीनपेक्षा चांगलीच मोठी, साधारण २८ सेंटीमीटर लांब, १३ रुंद आणि ८ ते ९ जाड. मातीत लोखंड जास्त असेल तर लाल निघायची, चुना जास्त असेल तर पिवळट. रचताना बहुतेक वेळा दोन विटा आडव्या लांबीनं आणि मग एक टोक बाहेर काढून, परत दोन आडव्या, असा क्रम.

आता टिकण्याचं. एक म्हणजे भिंत नुसती विटांची नाही. आत एक आणि बाहेर एक अशा विटांच्या दोन भिंती आणि मधल्या पोकळीत धोंडे, विटांचे तुकडे आणि चुना ओतून भरलेलं, त्यामुळं जाडी भरपूर. दुसरं म्हणजे सगळा जोड चुन्याचा. चुना थोडा मऊ असतो, इमारत थोडी बसली, हलली, उन्हाथंडीनं फुगली-आकसली तरी सांधा ते सहन करतो आणि भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडते. जुन्या चुन्याच्या भिंतीला वरून सिमेंटनं पॉइंटिंग केलं की ओल आत कोंडते, मग ती विटेतूनच वाट काढते आणि विटेचा पापुद्रा सुटायला लागतो. आपल्याकडं वाई-साताऱ्याच्या जुन्या वाड्यांना हे सर्रास करतात आणि बघून फार वाईट वाटतं, चांगली दोन-अडीचशे वर्षं उभी राहिलेली भिंत दहा-पंधरा वर्षांत खराब होते. तुमच्या नदीकाठच्या भिंतीचा खार पण जोत्यातून वर चढणाऱ्या ओलीचाच आहे, वरून कितीही गिलावा केला तरी तो थांबायचा नाही, खालची ओल तोडावी लागेल. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आठशे वर्षं कुणी हात न लावता हे टिकलेलं नाही. तिथं तर विटेत शिरलेलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं, कच्ची भाजलेली वीट त्यानं फुटते. फुटली की काढायची, तशीच नवी बसवायची, हे शतकानुशतकं चाललंय. १४४३ साली मोठी आग लागली, त्यातून परत उभं केलं. अलीकडं १९६८च्या ऑगस्टमध्ये दुरुस्ती चालू असतानाच पूर्वेकडच्या छपराला आग लागली आणि मधला छोटा मनोरा जळून कोसळला, तोही परत बांधला. टिकाऊपणा विटेत आहेच, पण निम्मा तरी तो सांभाळणाऱ्यांचा आहे असं माझं मत.

प्रश्न : मी साताऱ्यात सिव्हिल डिप्लोमाला आहे. गॉथिक शैली फ्रान्सची आणि ती दगडाची असं आम्हाला शिकवलंय. विटेत ती कशी जमते, आणि रोस्किल्डच्या पुस्तकी वर्णनात कुठं रोमनेस्क म्हणतात कुठं गॉथिक, मग नक्की काय?

उत्तर : दोन्ही! आणि हीच या इमारतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे.

अब्सालोननं सुरुवात केली ती त्या वेळच्या चालू पद्धतीनं, म्हणजे रोमनेस्क, अर्धगोल कमानी, जाडजूड भिंती, छोट्या खिडक्या. ११९२ला तो बाजूला झाला आणि बिशप झाला पेडर सुनेसन, हा पॅरिसला शिकून आलेला. तिथं त्या काळात नोत्र दाम कॅथेड्रलचं काम चालू होतं, फ्रान्सच्या उत्तरेला एकामागून एक गॉथिक कॅथेड्रल उठत होती, आणि हा पोरगा ते सगळं डोळ्यांनी बघून परत आला. घरी येऊन बघतो तर काम अर्ध्यावर. त्यानं काय केलं, चालू कामाचा प्लॅनच बदलला. टोकदार कमानी, वर उंच खिडक्या, उंच व्हॉल्ट म्हणजे कमानदार छत. त्यामुळं पूर्वेकडच्या अर्धगोल भागात वर बघत गेलं की खाली एक शैली आणि वर दुसरी, असं शतक बदलताना दिसतं. शिवाय जुनं दगडी चर्च लगेच पाडलं नव्हतं. नवीन काम त्याच्या बाहेरून, पूर्वेकडून सुरू केलं आणि जसजसं पश्चिमेकडं सरकलं तसतसं आतलं जुनं उतरवत गेले, त्यामुळं प्रार्थना बंद पडली नाही. आपल्याकडं देवळाचा जीर्णोद्धार करताना मूर्ती बाजूच्या खोलीत नेऊन पूजा चालू ठेवतात तसंच. मुख्य इमारत पुरी व्हायला साधारण १२८० उजाडलं, म्हणजे ज्यांनी पाया खणला त्यांच्या नातवंडांनी पण ती पूर्ण झालेली बघितली असेल की नाही कुणास ठाऊक, आणि पश्चिमेचे दोन बुरूज तर त्याच्याही नंतरचे.

विटेत जमतं कसं हा तुझा प्रश्न मोलाचा आहे. गॉथिकचं गणित असं की छताचं वजन सगळ्या भिंतीवर सारखं न टाकता ते बरगड्यांवर गोळा करायचं, बरगड्यांनी ते खांबावर आणायचं आणि बाहेरून आधाराचे पुस्ते देऊन भिंत बाहेर फेकली जाऊ द्यायची नाही. टोकदार कमान अर्धगोल कमानीपेक्षा बाहेर कमी ढकलते आणि रुंदी कमी-जास्त असली तरी सगळ्या कमानींची उंची सारखी ठेवता येते. हे सगळं विटेत होतं कारण वीट दाब छान घेते. बरगड्यांसाठी गोलसर, खाचेच्या वगैरे आकाराच्या खास विटा साच्यातच पाडून भाजायच्या. दोन बरगड्यांच्या मधला छताचा पडदाही विटेचाच, त्यामुळं छत तुलनेनं हलकं. रोस्किल्डला मधल्या भागाची उंची २४ मीटरच्या आसपास जाते, लांबी ८५ मीटरच्या जवळपास.

जमत नाही ते नक्षीकाम. दगडात संतांच्या रांगाच्या रांगा कोरता येतात, पानंफुलं काढता येतात, विटेत ते नाही, म्हणून विटांच्या गॉथिक इमारती बाहेरून सपाट आणि भारदस्त दिसतात आणि जी काही शोभा आहे ती विटांच्या रचनेतून, आंधळ्या (भिंतीवर नुसता आकार काढलेल्या, उघड्या नसलेल्या) कमानींतून आणि खिडक्यांच्या ओळींतून येते. काही लोकांना ते कोरडं वाटतं. मला नाही वाटत. मोठ्या सपाट लाल भिंतीवर दिवसभर ऊन सरकतं ते बघायला तिथं थांबायलाच पाहिजे.

बाल्टिक समुद्राच्या कडेकडेनं हे विटांचं गॉथिक सगळीकडं पसरलं, जर्मनीचं ल्युबेक, पोलंडचं ग्दान्स्क वगैरे. व्यापारी शहरं, पैसा भरपूर, दगड नाही. ल्युबेकच्या सेंट मेरी चर्चचं विटांचं व्हॉल्ट ३८.५ मीटर उंच आहे, विटांच्या व्हॉल्टमध्ये जगात सगळ्यात उंच. १९४२च्या मार्चमधल्या बॉम्बहल्ल्यात ते चर्च पेटलं, घंटा खाली कोसळल्या आणि त्या फुटक्या घंटा अजून तिथंच जमिनीवर ठेवल्यात. तुझ्या अभ्यासासाठी या सगळ्यांचे सेक्शन ड्रॉइंग शोध, फोटोपेक्षा त्यातून जास्त कळेल. आणि जमल्यास स्वतः हातानं काढून बघ, वजन कुठून कुठं जातं ते पेन्सिलीलाच समजतं.

प्रश्न : मी संगम माहुलीची. आमच्या इथं कृष्णा-वेण्णेच्या संगमावर छत्रपती घराण्यातल्या समाध्या आहेत, लहानपणापासून बघत आलेय. रोस्किल्डला डेन्मार्कचे सगळे राजेराण्या पुरलेत असं वाचलं. ते देवाच्या जागेतच कसं काय पुरतात? आणि खरंच सगळे तिथंच आहेत का?

उत्तर : ख्रिस्ती लोकांत पवित्र जागेच्या जितकं जवळ दफन तितकं चांगलं अशी मध्ययुगात पक्की समजूत होती, कारण तिथं रोज प्रार्थना होते आणि तिचं पुण्य मृताला मिळतं. त्यामुळं ज्याला परवडेल तो चर्चच्या आतच जागा मागायचा, राजे तर मागणारच.

रोस्किल्डला ४० च्या आसपास राजे आणि राण्या आहेत, एवढे राजे एका छपराखाली जगात फार कमी ठिकाणी असतील. सुरुवात सांगतात हेराल्ड ब्लूटूथपासून. हो, तोच, आपल्या मोबाइलमधल्या ब्लूटूथला ज्याचं नाव दिलंय आणि ज्याच्या नावाची दोन जुनी अक्षरं जोडून ते चिन्ह केलंय. १०व्या शतकाच्या शेवटी त्यानं इथं लाकडी चर्च बांधलं आणि त्याला तिथंच पुरलं असं ब्रेमेनच्या अ‍ॅडम नावाच्या जर्मन इतिहासकारानं पुढच्या शतकात लिहून ठेवलंय. हाडं मात्र सापडलेली नाहीत.

पण माझ्या दृष्टीनं या जागेची खरी मालकीण राणी पहिली मार्गारेट. नवरा गेला, एकुलता एक मुलगा गेला, आणि त्यानंतर या बाईनं डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तीन राज्यं एका गादीखाली आणली, १३९७चा काल्मार करार तो हाच. १४१२ला ती फ्लेन्सबर्गच्या बंदरात जहाजावर असताना वारली. दफन झालं सोरोला, वडिलांकडच्या घराण्यातल्या लोकांजवळ. पुढच्याच वर्षी रोस्किल्डच्या बिशपनं तिचं शव उचलून आपल्या कॅथेड्रलमध्ये आणलं आणि मोठ्या थाटात परत दफन केलं. तिची शवपेटी १४२३ची, पांढऱ्या दगडात कोरलेली राणी वर झोपलेली, आणि ती ठेवलीय मुख्य वेदीच्या बरोब्बर मागं, सगळ्यात मानाच्या जागी. तिच्यानंतर राजघराण्याची इथं रीघ लागली आणि जागा पुरेना झाली, मग प्रत्येक पिढीनं कॅथेड्रलच्या अंगाला आपापली खोली चिकटवली, तिथं त्याला चॅपेल म्हणतात.

आणि इथं बघण्यासारखी गोष्ट म्हणजे कुणी जुन्याची नक्कल केली नाही. पहिल्या क्रिश्चियनचं १५व्या शतकातलं चॅपेल गॉथिक, आत एक खांब आहे त्यावर राजेलोकांच्या उंचीच्या खुणा, रशियाच्या पीटर द ग्रेटची पण आहे, आणि स्वतः पहिल्या क्रिश्चियनची खूण चक्क २ मीटर १९ सेंटीमीटरवर, जी कुणीतरी राजाचा मान राखायला वाढवलेली दिसते. चौथ्या क्रिश्चियननं १६१४ला डच रेनेसान्स पद्धतीचं चॅपेल काढलं, पुढं १६३५-३६ला बुरुजांवर ते दोन बारीक उंच कळस चढवले ज्यांच्याशिवाय आज रोस्किल्डचं चित्र डोळ्यासमोर येतच नाही. पाचव्या फ्रेडरिकचं चॅपेल एकदम पांढरंशुभ्र, ग्रीक-रोमन वळणाचं, १७७४ला सुरू होऊन १८२५ला संपलं. नवव्या फ्रेडरिकला आत नको होतं, त्याची कबर बाहेर उघड्यावर आहे, कमी उंचीच्या भिंतींच्या आवारात. २०२४च्या जानेवारीत पायउतार झालेली दुसरी मार्गारेट राणी, तिनंही आपली काचेची शवपेटी जिवंतपणीच करून घेतलीय, २०१८ला ती तयार झाली. युनेस्कोनं १९९५ला या कॅथेड्रलला जागतिक वारसा केलं त्यात हे एक मोठं कारण आहे, युरोपच्या धार्मिक इमारतींची आठ शतकं एकाच इमारतीत वाचता येतात.

मधे वाईट दिवसही आले. १५३६ला डेन्मार्कनं पोपला सोडून लूथरचा पंथ घेतला, बिशपच्या जमिनी राजानं घेतल्या, बिशप कोपनहेगनला गेला आणि रोस्किल्ड मागं पडलं. गावातली कितीतरी चर्च पाडून दगड-विटा नेल्या. कॅथेड्रल वाचलं याचं कारण आत राजे झोपले होते. बिशप परत यायला १९२०चं दशक उजाडलं.

तुझ्या माहुलीच्या समाध्यांवरून एक सांगते. रोस्किल्डला प्रत्येक कबरीची नोंद, दुरुस्तीची नोंद, कुणी कधी हलवली याची नोंद आहे आणि शाळेच्या मुलांना ते तिथं नेऊन शिकवतात. माहुलीच्या समाध्यांसाठी हे करायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. पुरात कोणती समाधी किती बुडते, कोणता दगड निखळलाय, याची वही गावातल्या एखाद्या शाळेनं घातली तरी पुष्कळ होईल.

प्रश्न : या सगळ्याचा आपल्याशी काही संबंध आहे का? (मिरजेचे एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : सर, आहे, आणि थेट मराठीशी आहे.

वर सांगितलेला चौथा क्रिश्चियन, ज्यानं कळस चढवले, त्याच्याच काळात डॅनिश जहाजं कोरोमंडल किनाऱ्यावर आली आणि १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून त्यांनी तरंगंबाडीला किल्ला बांधला. पुढं १६७५च्या सुमाराला तंजावर व्यंकोजीराजांनी घेतलं. म्हणजे शहाजीराजांचा मुलगा, शिवरायांचा सावत्र भाऊ, तो या डॅनिश लोकांचा शेजारी आणि जमिनीचा मालक झाला, वर्षाचं भाडं तंजावरच्या दरबारात भरावं लागायचं. दरबाराचा कारभार मराठीत, लिपी मोडी, आणि तंजावरचे मोडी कागद आजही डेन्मार्कच्या संग्रहात आहेत.

चौथ्या फ्रेडरिकनं पाठवलेले पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी १७०६ला तरंगंबाडीला पोचले. त्याच मिशनमधून पुढं आलेल्या श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्यानं तंजावरच्या लहानग्या सरफोजीराजांना वाढवलं, शिकवलं. आणि बंगालमधलं श्रीरामपूर हेही डॅनिश गाव होतं, पाचव्या फ्रेडरिकच्या नावानं फ्रेडरिक्सनगर. ब्रिटिश कंपनीला स्वतःच्या हद्दीत मिशनरी नको होते म्हणून विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याला या डॅनिश गावानं आसरा दिला, आणि मराठीचं छापील व्याकरण १८०५ला त्याच श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडलं, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. हे दोन्ही फ्रेडरिक रोस्किल्डलाच आहेत. १८४५ला डेन्मार्कनं तरंगंबाडी आणि श्रीरामपूर दोन्ही ब्रिटिशांना विकून टाकलं.

प्रश्न : पुढच्या वर्षी मुलाकडं कोपनहेगनला जातोय. आत जाऊ देतात का, किती वेळ काढावा? (इस्लामपूर)

उत्तर : जाऊ देतात, तिकीट आहे. पण ते चालू चर्च आहे, रविवारची प्रार्थना, लग्नं, अंत्यविधी असले की दर्शन बंद, म्हणून आधी वेळ बघून निघा. कोपनहेगनहून ट्रेननं अर्ध्या तासाच्या आत पोचाल, स्टेशनपासून चालत जाता येतं. आत गेल्यावर तासाच्या ठोक्याला जुन्या घड्याळाजवळ थांबा, साधारण १५००च्या सुमाराचं आहे, घोड्यावरचा सेंट जॉर्ज ड्रॅगनला मारतो आणि ड्रॅगन किंचाळतो, नातवंडं बरोबर असतील तर दोन ठोक्यांना थांबावं लागेल. १५५४चा ऑर्गन पण तिथंच वर आहे, वाजत असेल तर बसून ऐका. खाली फ्योर्डच्या (जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या) कडेला व्हायकिंग जहाजांचं म्युझियम आहे, १९६२ला पाण्यातून काढलेली पाच जहाजं तिथं आहेत, तेही धरून अख्खा दिवस ठेवा.